र. धों. कर्वे : गणिताचे प्राध्यापक आणि पुरुषांना उशिरा विचारलेला प्रश्न

आंजर्ल्याच्या दक्षिणेला खाडी ओलांडली की हर्णे आणि त्याच्या पुढे मुरूड. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी या मुरूडमध्ये झाला. महर्षी कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. आंजर्ल्याजवळच्या मुर्डीचे रँग्लर परांजपे त्यांचे नातलग, त्यामुळे गणित घराण्यातच होते म्हणा ना! रघुनाथरावही पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवू लागले.

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र त्याच वर्षी निघाले. मिशनरी कॉलेजला हे काम रुचले नाही आणि १९२५ मध्ये कर्व्यांची नोकरी गेली. पत्नी मालतीबाई मात्र पाठीशी राहिल्या. आपल्याला मूल नको, हे दोघांनी मिळून ठरवले होते.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू झाले. वाचक लैंगिक शंका विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरे छापत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, पण कर्व्यांना २०० रुपये दंड झालाच.

पत्रांतून लोकांच्या शंका कळतात, प्रमाण कळत नाही. ज्याला लिहिण्याचा धीर होतो, तोच लिहितो. प्रमाण हवे तर घरे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून सगळ्यांना तेच प्रश्न विचारावे लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण असेच होते. त्याच्या पहिल्या दोन फेऱ्यांत मुलाखती फक्त स्त्रियांच्या झाल्या. गर्भनिरोधनाबद्दल पुरुषांना विचारले गेले ते २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत! २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत सुमारे ३५ टक्के पुरुषांनी गर्भनिरोधन हे बायकांचे काम असल्याचे मान्य केले. त्याच फेरीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांची नसबंदी झालेली होती. पतीची नसबंदी झालेल्या होत्या अवघ्या ०.३ टक्के. स्त्रीच्या मर्जीचा कैवार घेणाऱ्या कर्व्यांना हे आकडे पाहून रागच आला असता.

सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ मध्ये हाती घेतला. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे गेले आणि ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक पुढच्याच महिन्यात निघाला. परांजप्यांच्या कन्या शकुंतलाबाईंनी हे काम पुढे चालवले.