पॅरिसच्या पोटातील आगगाडी

मुंबईहून ठाण्याकडे उतारूंची पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. त्या वेळी दूर फ्रान्स देशात, ब्रिटनी प्रांतातील उझेल या लहानशा गावी, सव्वा वर्षाचे एक बालक आपली पहिली पावले टाकीत होते. पुढे याच बालकाने पॅरिससारख्या महानगराच्या पोटातून आगगाड्या धावविल्या. त्याचे नाव फ्यूल्जांस ब्यांव्हन्यू. फ्रेंच भाषेत याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ ‘स्वागत’ असा आहे.

फ्यूल्जांसचा जन्म २७ जानेवारी १८५२ रोजी झाला. त्याचे वडील दस्तऐवज करून देण्याचा व्यवसाय करीत. मुलाने मात्र स्थापत्यविद्येची वाट धरली. पॅरिस येथील ‘एकोल पोलितेक्निक’ या विद्यालयात प्रवेश मिळविण्यासाठी गणिताची कठीण परीक्षा द्यावी लागे. तीत तो उत्तीर्ण झाला आणि नंतर रस्ते व पूल बांधण्याचे शिक्षण देणाऱ्या सरकारी विद्यालयातून अभियंता होऊन बाहेर पडला. १८७५ साली नॉर्मंडीतील आलाँसों या गावी त्याची नेमणूक झाली. तेथे नवे लोहमार्ग घालण्याचे काम चालू होते.

या कामावर असतानाच १८८१ मध्ये एक भयंकर अपघात घडला. ब्यांव्हन्यू गाडीखाली सापडले आणि त्यांचा डावा हात कापून टाकावा लागला. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकोणतीस वर्षांचे होते. नकाशे पसरावयाचे, मोजमापे घ्यावयाची, चिखलातून आणि पराच्यांवरून हिंडावयाचे, असा त्यांचा व्यवसाय! दुसऱ्या एखाद्याने बैठे काम मागून घेतले असते, तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. ब्यांव्हन्यूंनी तसे केले नाही. ज्या रेल्वेने त्यांचा हात नेला, तिच्याच कामात त्यांनी उरलेले आयुष्य वेचले.

१८८६ साली ते पॅरिसला आले. प्रथम त्यांच्याकडे निरनिराळी कामे होती. बेलव्हील नावाच्या टेकडीवर दोराच्या साहाय्याने चढणारी ट्राम त्यांच्या देखरेखीखाली तयार झाली. शहराला दुरून पाणी आणणाऱ्या कालव्यांचे कामही त्यांनी पाहिले. पॅरिसच्या रस्त्यांखाली गटारे, नळ आणि जुन्या खाणी यांचे केवढे जाळे पसरले आहे, हे या वर्षांत त्यांना नीट उमगले. पुढे त्यांना याच ज्ञानाचा उपयोग व्हावयाचा होता.

पॅरिसची लोकसंख्या त्या सुमारास पंचवीस लाखांवर गेली होती. रस्त्यांतून घोड्यांच्या गाड्यांची इतकी दाटी होई, की वाट काढणे कठीण. लंडन शहरात १८६३ सालापासून जमिनीखालून आगगाडी धावत होती. मग पॅरिस मागे का राहिले? त्याचे कारण पैशाचा अभाव नव्हे, तर भांडण! मोठ्या रेल्वे कंपन्या आणि फ्रान्सचे सरकार म्हणत की, नवे मार्ग मोठ्या स्थानकांना जोडावेत, म्हणजे दूरच्या गाड्या थेट शहरातून पलीकडे जातील. नगरसभेचे मत याच्या अगदी उलट होते. शहरातील कारागीर, कारकून आणि दुकानदार यांना घरून कामावर नेणारी गाडी तिला हवी होती. शिवाय शहराबाहेर जाणे फार सोपे झाले, तर लोक आपली घरे व धंदे बाहेर नेतील, अशीही तिला धास्ती होती. हा वाद वीस वर्षांहून अधिक काळ चालला. पण १९०० साली पॅरिसला मोठे जागतिक प्रदर्शन भरावयाचे होते. लक्षावधी पाहुणे येणार, त्यांना हिंडवावयाचे कसे? तेव्हा सरकारला नमते घ्यावे लागले.

१८९६ साली ब्यांव्हन्यूंची योजना नगरसभेने मान्य केली, आणि १८९८ मध्ये तीस कायद्याची संमती मिळाली. योजनेत सहा मार्ग होते. सरकारच्या आग्रहावरून रुळांमधील अंतर मोठ्या रेल्वेइतकेच ठेवावे लागले; परंतु डबे केवळ २.४० मीटर रुंदीचे ठरले आणि बोगदेही त्या बेताने आखले. रूळ जुळले तरी मोठ्या रेल्वेचा डबा या बोगद्यात शिरूच शकत नव्हता! नगरसभेने आपला हट्ट असा दगडात कोरून ठेवला. शहरातील लोकांना या हट्टाचा लाभ झाला. वेशीबाहेरच्या उपनगरांना मात्र त्याची झळ बसली. हा मार्ग शहराची हद्द ओलांडून बाहेर पडावयास १९३४ साल उजाडले.

४ ऑक्टोबर १८९८ रोजी पहिल्या मार्गाचे काम सुरू झाले. पूर्वेकडील व्हँसेनच्या वेशीपासून पश्चिमेकडील मायोच्या वेशीपर्यंत हा मार्ग सुमारे दहा किलोमीटर लांबीचा होता. मार्ग शक्यतो मोठ्या रस्त्यांच्या खालूनच न्यावयाचा, असे ब्यांव्हन्यूंनी ठरविले. घरांच्या पायांना धक्का लागू नये आणि घरमालकांशी तंटे होऊ नयेत, हा त्यातील हेतू. बोगदा खोल नेला नाही. त्यामुळे उतारूंना थोड्याच पायऱ्या उतराव्या लागत. बहुतेक ठिकाणी मजूर प्रथम एक अरुंद वाट खणीत आणि तिला लाकडांचा आधार देत. नंतर वरची कमान बांधीत, मग दोन्ही बाजूंच्या भिंती, आणि सर्वांत शेवटी तळ. आधी छप्पर आणि मागून भिंती, अशी ही उलटी रीत! वर रस्त्यावर मात्र रहदारी चालू राही. वाटेत आलेली गटारे आधी दुसरीकडे वळविली होती. खणलेली माती सेन नदीच्या काठाकडे नेण्यासाठी वेगळी भुयारे खणली होती. एवढे प्रचंड काम दोन वर्षांच्या आत पुरे झाले. १९ जुलै १९०० रोजी भर उन्हाळ्यात, कसलाही समारंभ न करता, ही गाडी लोकांसाठी सुरू झाली. अठरा स्थानकांपैकी आठच त्या दिवशी उघडली होती. उरलेली पुढे एकेक करून उघडत गेली.

लोकांना ही गाडी इतकी आवडली, की पुढील मार्गांची मागणी होऊ लागली. १९०१ साली ब्यांव्हन्यूंनी एक पुरवणी आराखडा सादर केला. शहरातील कोणतेही ठिकाण स्थानकापासून ४०० मीटरांहून दूर असू नये, असे त्याचे उद्दिष्ट होते. गरिबाची वस्ती असो की श्रीमंतांची, चारशे मीटर चालले की स्थानक आलेच पाहिजे!

परंतु १० ऑगस्ट १९०३ या दिवसाने सर्वांची झोप उडविली. दुसऱ्या मार्गावर एका गाडीच्या लाकडी इंजिन-डब्यात विजेच्या बिघाडामुळे आग लागली. उतारूंना उतरवून ती रिकामी गाडी पुढे नेली जात असता ती मेनिलमोंताँ स्थानकाजवळ भडकली. मागून येणारी भरलेली गाडी कूरोन स्थानकात थांबली होती. उतारूंना बाहेर पडण्यास सांगितले गेले, तेव्हा काही जण तिकिटाचे पैसे परत मागत फलाटावर घुटमळले. इतक्यात बोगद्यातून दाट धूर आला आणि दिवे विझले. अंधारात लोक बाहेर जाण्याच्या जिन्याऐवजी फलाटाच्या दुसऱ्या टोकाकडे धावले. तेथे वाट नव्हती. त्या दिवशी एकंदर ८४ माणसे दगावली.

गाड्या चालविण्याचे काम एका कंपनीकडे होते. बोगदे आणि स्थानके शहराच्या वतीने ब्यांव्हन्यू बांधीत. तेव्हा लाकडी डब्याचा दोष त्यांच्याकडे जात नव्हता. पण मेलेल्यांच्या आप्तांना या विभागणीचे काय? सारी व्यवस्थाच तपासावी लागली. दिव्यांची वीज गाडीच्या विजेपासून वेगळी करण्यात आली, म्हणजे एक बंद पडली तरी दुसरी चालू राहावी. बाहेर जाण्याच्या वाटा दाखविणारे दिवे लागले. लाकडी इंजिन-डब्यांच्या जागी हळूहळू धातूचे डबे आले. आज भुयारी स्थानकात जो प्रकाशित ‘बाहेर’ हा शब्द दिसतो, त्यामागे कूरोनसारख्या दुर्घटनांची आठवण आहे.

यानंतरचे अवघड काम सेन नदीचे. चौथा मार्ग नदीच्या तळाखालून न्यावयाचा होता. त्यासाठी लोखंडाच्या प्रचंड पेट्या काठावर तयार केल्या, पाण्यावर तरंगत आणल्या आणि जागच्या जागी बुडविल्या. पेटीच्या खाली एक बंद खोली असे. दाबलेल्या हवेने तीतील पाणी बाहेर रोखून धरीत, आणि आत मजूर तळ खणीत. जसजशी माती निघे, तसतशी पेटी खाली उतरे. सँ-मिशेलजवळ तर जमीन इतकी ओली होती, की खणताच चिखल कोसळावा. तेथे जमिनीत नळ्या घालून त्यांतून बर्फाहूनही थंड असे क्षारयुक्त पाणी खेळविले, आणि तो चिखलच गोठवून टाकला! मग दगडासारख्या घट्ट झालेल्या मातीतून बोगदा खणला. दान्यूब नावाच्या स्थानकाची कथाही अशीच. त्याच्या खाली जुन्या खाणींच्या पोकळ्या होत्या. म्हणून ते तीस मीटरांहूनही खोल गेलेल्या खांबांवर उभारावे लागले. वरून पाहणाऱ्याला ते साधे स्थानक दिसते. खरे तर तो मातीत पुरलेला पूलच आहे.

चौथा मार्ग ९ जानेवारी १९१० रोजी नदीखालून सलग सुरू झाला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सेन नदीला महापूर आला! पाणी बोगद्यांत शिरले. कित्येक स्थानके बंद पडली. जी नदी युक्तीने जिंकली असे वाटत होते, तिने पंधरा-वीस दिवसांतच आपला हिशेब मागितला. पाणी उपसून, चिखल काढून आणि विजेची यंत्रे दुरुस्त करून गाड्या पुन्हा चालू करण्यात आल्या.

पहिले महायुद्ध आले आणि गेले. जुने मार्ग लांबत गेले, नवे जोडले गेले. ब्यांव्हन्यू कामावरच होते. वयाच्या ऐंशीव्या वर्षी, १९३२ च्या डिसेंबरात, ते निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या दक्षिण भागातील एका स्थानकास त्यांचे नाव देण्यात आले, आणि तो समारंभ त्यांना स्वतः पाहता आला. ३ ऑगस्ट १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. पेर-लाशेझ या स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. तिच्याजवळच, याच नावाचे भुयारी स्थानक आहे. त्या मार्गाचे बोगदे त्यांच्याच देखरेखीखाली खणले गेले होते.

त्यांचे नाव दिलेले स्थानक १९४२ साली शेजारच्या मोंपार्नास या स्थानकाशी जोडले गेले. तेव्हापासून दोन्ही नावे एकत्र लिहिली जातात. चार मार्गांचे उतारू तेथे गाड्या बदलतात. प्रथमच आलेल्या पाहुण्याला भिंतीवरचा तो शब्द वाचून वाटते की, पॅरिस आपले स्वागत करीत आहे. त्यातील एका अक्षरावर दोन ठिपके आहेत, तेवढाच काय तो फरक; आणि हे माणसाचे नाव आहे, हे त्या ठिपक्यांवरूनच ओळखावयाचे.