गिनीपिगच्या केसांचा अर्क श्वासातून ओढून स्वतःलाच दम्याचे अटॅक आणणारा डॉक्टर

घरात दम्याचा पेशंट असला की काही नियम ठरलेलेच असतात. गाद्यांना ऊन द्या, मांजर बाहेर काढा, उदबत्ती लावू नका, माळा झाडताना त्याला दुसऱ्या खोलीत बसवा. थोडक्यात काय, तर अटॅक आणेल असं काहीही आसपास फिरकू द्यायचं नाही.

इंग्लंडमधल्या एका डॉक्टरांनी बरोबर याच्या उलट केलं. त्यांना गिनीपिगची ॲलर्जी होती. मग त्यांनी गिनीपिगचे केस आणि कोंडा यांचा अर्क काढला, त्याचा फवारा श्वासातून छातीत ओढला आणि स्वतःला दम्याचा अटॅक आणला. एकदा नाही, तर कित्येक वर्षं, शेकडो वेळा.

या डॉक्टरांचं नाव रॉजर अल्टोन्यान. दम्याच्या औषधांच्या इतिहासात हे नाव मोठं आहेच, पण इंग्रजी वाचणाऱ्या पोरांना ते वेगळ्याच कारणाने माहिती असतं.

रॉजरचा जन्म १९२२ चा, सीरियातल्या अलेप्पो शहरातला. घराणं आर्मेनियन डॉक्टरांचं. आजोबांनी अलेप्पोत हॉस्पिटल काढलेलं, वडील अर्नेस्ट तिथेच सर्जन. आई डोरा मात्र इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधली, म्हणजे तळी आणि डोंगरांच्या मुलखातली. १९२८ मध्ये हे कुटुंब सुट्टीला आजोळी आलं. तिथे आईच्या माहेरचे जुने स्नेही आर्थर रॅन्सम यांनी या पोरांना शिडाची होडी चालवायला शिकवली. पोरांनी बदल्यात रॅन्सम यांना तुर्की सपाता दिल्या. रॅन्सम यांनी त्यांना काय दिलं? एक अख्खी कादंबरी. १९३० साली आलेली ‘स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स’. त्यातला होडीवरचा सगळ्यात धाकटा, सात वर्षांचा रॉजर म्हणजे हाच पोरगा.

पुस्तकातला रॉजर उंडारतो, पळतो, पोहतो. खऱ्या रॉजरला मात्र इसब आणि दमा या जोडीने गाठलं.

तरीही दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाई दलात पायलट झाला. नुसता पायलट नाही, तर दुसऱ्यांना विमान शिकवणारा प्रशिक्षक. त्या कामासाठी त्याला एअर फोर्स क्रॉस हे पदकही मिळालं. विमानाचा पंखा हवेत कसा फिरतो हे त्याने रोज पाहिलेलं. हा पंखा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

युद्ध संपल्यावर केंब्रिज आणि लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये डॉक्टरकी पूर्ण करून रॉजर अलेप्पोला, घरच्या हॉस्पिटलात परतले. पण १९५६ मध्ये सुएझ कालव्यावरून भडका उडाला आणि ब्रिटनशी नातं असलेल्यांना सीरियात राहणं अवघड झालं. अल्टोन्यान कुटुंबाला बाहेर पडावं लागलं. रॉजर यांना इंग्लंडमध्ये नोकरी मिळाली ती चेशर परगण्यातल्या बेंगर्स या औषध कंपनीत. ही कंपनी तेव्हा फायसन्सच्या ताब्यात होती.

कंपनीत तेव्हा एका वनस्पतीवर काम सुरू होतं. इजिप्तकडे ‘खेल्ला’ नावाचं झाड उगवतं, आपल्या ओव्याच्या आणि बडीशेपेच्या कुळातलं. तिकडे त्याच्या बिया मुतखड्याच्या कळा थांबवायला पूर्वापार वापरल्या जायच्या. त्यातलं खेलिन हे रसायन आवळलेल्या स्नायूंना सैल करतं. श्वासनळ्या आवळल्या की दमा होतो, म्हणून तिथेही उपयोग होईल असा हिशोब. अडचण एकच, खेलिन पोटात गेलं की मळमळायचं. म्हणून त्याच्यासारखीच, पण त्रास न देणारी रसायनं बनवून तपासायची होती.

आता तपासायची कशी? रीत ठरलेली होती. गिनीपिगला ॲलर्जी आणायची, औषध द्यायचं आणि बघायचं. पण माणसाचा दमा आणि प्रयोगशाळेत गिनीपिगला आणलेला दमा एकच असतो का, ही शंका अल्टोन्यान यांना होती. खऱ्या दम्याचं फुफ्फुस तर त्यांच्या स्वतःच्याच छातीत होतं.

त्यांनी पद्धत बसवली. आधी नवीन रसायन श्वासातून घ्यायचं. मग थोड्या वेळाने गिनीपिगच्या केसांचा अर्क ओढायचा. आणि मग जोरात फुंकून एका सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजायचं. अटॅक आला की हा आकडा धपकन खाली येतो. एखाद्या रसायनामुळे तो कमी पडला, तर त्या रसायनात काहीतरी दम आहे. हे सगळं करताना माणूस अक्षरशः धापा टाकत असायचा. (घरी असलं काही करून बघायचं नाही, हे सांगायला नकोच. दम्याचा अटॅक जीव घेतो.)

या प्रयोगांतून एक विचित्र गोष्ट समोर आली. काही रसायनं नळी अजिबात सैल करत नव्हती, म्हणजे अटॅक आल्यावर घेतली तर शून्य उपयोग. पण अटॅकच्या आधी घेतली, तर अटॅक येतच नव्हता किंवा खूप सौम्य यायचा. आत्तापर्यंतची सगळी औषधं आग लागल्यावर पाणी मारणारी होती. हे औषध काडी पेटूच देत नव्हतं.

१९६५ मध्ये या मालिकेतलं सगळ्यात चांगलं रसायन हाती लागलं, सोडियम क्रोमोग्लायकेट. गंमत म्हणजे गिनीपिगवर ते काहीच काम करत नव्हतं. नेहमीच्या रीतीने तपासलं असतं, तर ते तिथेच कचऱ्यात गेलं असतं.

पुढची अडचण होती औषध फुफ्फुसापर्यंत पोहोचवायची. गोळी करून उपयोग नव्हता, कारण आतड्यातून ते रक्तात जवळपास जातच नाही. डोसही मोठा, २० मिलिग्रॅम पावडर. इथे अल्टोन्यान यांच्यातला पायलट जागा झाला. त्यांनी सहकाऱ्यांच्या साथीने नळीच्या आकाराचं एक साधन बनवलं. आत एक छोटा पंखा, पंख्यावर पावडरची कॅप्सूल. कॅप्सूलला भोक पाडायचं आणि तोंडाने जोरात श्वास ओढायचा. त्या श्वासानेच पंखा गरगर फिरतो आणि पावडर उडून छातीत जाते. ना गॅस, ना बटण. नाव ठेवलं स्पिनहेलर. आपल्याकडे मेडिकलमध्ये कॅप्सूल घालून ओढायचे जे इनहेलर मिळतात, त्यांत असा पंखा नसतो, पण पेशंटच्या श्वासावरच पावडर उडवायची ही कल्पना तीच.

तरी एका माणसाची छाती म्हणजे पुरावा नव्हे. त्यातून हा माणूस स्वतःच संशोधक. औषध चालावं असं त्याला मनापासून वाटणार, आणि दम्यात मनाचाही वाटा असतो. म्हणून मँचेस्टरचे डॉक्टर जॅक हॉवेल यांच्यासोबत पेशंटवर चाचणी झाली. कुणाला खरं औषध मिळतंय हे डॉक्टरलाही माहीत नाही आणि पेशंटलाही नाही, अशा पद्धतीची. १९६७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला. औषध चालत होतं. ‘इंटाल’ नावाने ते बाजारात आलं.

वेळ फार नाजूक होती. नेमक्या त्याच वर्षांत ब्रिटनमध्ये दम्याने मरणाऱ्यांची संख्या वाढली होती, आणि त्यात मुलं आणि तरुण जास्त. संशय गेला तो आयसोप्रेनालिनच्या जास्त ताकदीच्या फवाऱ्यांवर. लोक ते वारेमाप मारत होते. दोष औषधाच्या डोसचा, की फवाऱ्याच्या भरवशावर दवाखाना टाळण्याचा, यावर वाद पुष्कळ झाला. पण अशा काळात जवळजवळ काहीच साइड इफेक्ट नसलेलं औषध मिळणं म्हणजे आईबापांना केवढा धीर. दिवसातून चार वेळा घ्यावं लागायचं, तरी लोक घ्यायचे.

मग १९७२ पासून श्वासातून घ्यायची स्टेरॉइड्स आली आणि खरी तुलना सुरू झाली. इंटालचा सूज आवरण्याचा जोर त्यांच्यापुढे कमी पडला. ‘स्टेरॉइड’ या शब्दाच्या भीतीने लहान मुलांना मात्र अनेक वर्षं इंटालच दिलं जायचं.

अल्टोन्यान यांच्या दम्याने अखेरपर्यंत त्यांची पाठ सोडली नाही. १० डिसेंबर १९८७ रोजी ते गेले, वय ६५.

त्यानंतर दहा वर्षांनी, १९९७ मध्ये, त्याच ‘लॅन्सेट’मध्ये नेदरलँड्समधली एक चाचणी छापून आली. एक ते चार वर्षांच्या दमेकरी मुलांवरची. निम्म्या मुलांना क्रोमोग्लायकेट, निम्म्यांना औषध नसलेला फवारा. दोन्हींत फरक दिसला नाही. मग कोक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी मुलांवरच्या सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. जुन्या चाचण्या लहान होत्या, आणि ज्यांत फायदा दिसला नाही त्या छापल्याच गेल्या नसाव्यात, असा संशय घ्यायला जागा होती. नियमित उपचार म्हणून हे औषध मुलांना उपयोगी पडतं असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला.

म्हणजे अल्टोन्यान यांची मोजमापं खोटी होती का? नाही. अर्क ओढायच्या आधी औषध घेतलं की अटॅक अडतो, हे खरंच होतं. पण प्रयोगशाळेत अटॅकची वेळ आधी ठरलेली असते. घरात रांगणाऱ्या दोन वर्षांच्या पोराला रोज सर्दी, धूळ, गारवा यांतलं काय आणि कधी लागेल याचा नेम नसतो, आणि त्याला दिवसातून चारदा औषध द्यायचं म्हणजे आईची कसरत. प्रश्न दोन होते, उत्तरंही दोन निघाली.

आज दम्याच्या उपचारात इंटाल मागे पडलं आहे. मात्र ॲलर्जीने डोळे लाल होऊन खाजायला लागले की डॉक्टर जे थेंब लिहून देतात, त्यांतल्या काही बाटल्यांवर बारीक अक्षरांत अजूनही लिहिलेलं असतं, सोडियम क्रोमोग्लायकेट.