सावित्रीबाई फुले

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली. लाखो लोक, कित्येक खाजगी डॉक्टरही शहर सोडून गेले. सरकारी इस्पितळातील डॉक्टर व परिचारिका रोग्यांजवळ राहिल्या. त्यांच्या हाताशी निदान टेट्रासायक्लीन होते. १८९७ साली पुण्यात तसे कोणतेच औषध नव्हते. १८४८ पासून मुलींना शिकविणाऱ्या सावित्रीबाई तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. त्या तेथे रोगी आणीत व त्यांची शुश्रूषा करीत. मुंढव्याचा एक आजारी मुलगा त्यांनी पाठीवरून आणला. त्यांनाही लागण झाली व १० मार्च रोजी त्या निवर्तल्या. पुढे १९०५ साली यशवंतही प्लेगनेच गेले. सेवा करणाऱ्याचा जीवही जपला पाहिजे, हे आपण विसरू नये.