विल्यम कॅरे : मदनाबाटीच्या नीळ कारखान्यातील वर्षे

मराठी भाषेच्या इतिहासात विल्यम कॅरे हे नाव श्रीरामपूरचा छापखाना, मराठी व्याकरण आणि मोडी लिपीतील शब्दकोश यांच्यासंदर्भात घेतले जाते. हुगळीकाठच्या त्या कीर्तीआधी मात्र या धर्मप्रचारकाने मालद्याच्या उत्तरेला, मदनाबाटी नावाच्या एका आडगावात पाच वर्षांहून अधिक काळ काढला. तेथे त्यांचा चरितार्थ निळीवर चालत होता. त्या काळात त्यांच्या हाती यश म्हणावे असे फारसे काही लागले नाही आणि घरात जे घडले, त्याची भरपाई पुढे कधीच झाली नाही.

कॅरे यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील विणकर होते, पुढे गावातील शाळेचे मास्तर झाले. मुलगा चांभारकाम शिकला. जोडे शिवता शिवता त्यांनी लॅटिन, ग्रीक, हिब्रू या भाषा बऱ्याच अंशी स्वतःच्या बळावर आत्मसात केल्या. विसाव्या वर्षाच्या आतच त्यांचा विवाह डोरोथी प्लॅकेट यांच्याशी झाला. डोरोथी वयाने पाचेक वर्षांनी मोठ्या होत्या आणि निरक्षर होत्या. विवाहनोंदीत सहीच्या जागी त्यांनी फुली मारली. १७९२ मध्ये बाप्टिस्ट पंथीयांची मिशनरी संस्था स्थापन झाली आणि कॅरे यांनी भारतात जाण्याचे ठरवले. डोरोथी यांना हे मान्य नव्हते. त्या गरोदर होत्या आणि आपल्या खेड्यापलीकडचे जग त्यांनी फारसे पाहिलेले नव्हते. पहिल्या जहाजाने जाणे परवान्याअभावी फसले नसते, तर कॅरे थोरल्या मुलाला घेऊन पत्नीविनाच निघाले असते. मधल्या काळात बाळंतपण झाले, मनधरणी झाली आणि बहीण सोबत येणार असेल तर जाईन, या अटीवर डोरोथी तयार झाल्या. १३ जून १७९३ रोजी हे कुटुंब एका डॅनिश जहाजात चढले. सर्वांत धाकटे मूल तेव्हा तान्हे होते.

११ नोव्हेंबर १७९३ रोजी ते कलकत्त्यास पोहोचले. जवळचे पैसे थोड्याच आठवड्यांत संपले. सहकारी डॉक्टर जॉन थॉमस यांचा हात सढळ होता आणि हिशेब कच्चा. डोरोथी आणि थोरला फेलिक्स आजारी पडले. निवाऱ्याच्या शोधात कुटुंब सुंदरबनच्या कडेला देभाट्यापर्यंत गेले. तेथे कंपनीच्या मीठखात्यातील एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना आसरा दिला.

ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात धर्मप्रचारक नको होते. त्यामुळे जॉर्ज उडनी यांनी मदनाबाटीच्या नीळ कारखान्याची व्यवस्थापकी देऊ केली, तेव्हा कॅरे यांना पगाराबरोबरच राहण्यासाठी कायदेशीर कारणही मिळाले. महिना २०० रुपये ठरले. आता आपल्या खर्चाचा भार नको, असे त्यांनी मायदेशी संस्थेला कळवून टाकले. त्याऐवजी दरवर्षी बी-बियाणे आणि विळे, कोयते, नांगराची चाके अशी अवजारे तेवढी पाठवावीत, अशी मागणी केली. संस्थेतील काहींना मात्र धर्मप्रचारकाने व्यापारात पडणे रुचले नाही आणि तसे त्यांनी लिहूनही पाठवले. घरची पहिली पत्रे येण्यास १७९५ चा मे महिना उजाडला होता. जहाज सोडल्यापासून दोन वर्षे होत आली होती.

त्यांचा दिनक्रम निळीच्या हंगामाने आखून दिलेला असे. पावसाळ्यात झाडोरा कापून हौदांत कुजवायचा, पाणी घुसळायचे, गाळ आटवून वड्या पाडायच्या; या तीन-चार महिन्यांत व्यवस्थापकाला उसंत नसे. उरलेले वर्ष भाषेचे. मुनशी रामराम बसू यांच्याकडून ते बंगाली शिकत, संस्कृतचा अभ्यास करीत आणि नव्या कराराचे बंगाली भाषांतर लिहीत. लवकरच एक अडचण ध्यानात आली. मुनशींकडून शिकलेली बंगाली आणि कारखान्यातील मजुरांची बोली यांत मोठे अंतर होते. पुस्तकी वाक्य गावकऱ्याला कळत नसे आणि गावकऱ्याचे बोलणे पुस्तकात सापडत नसे. हे अंतर तोडण्यासाठी गावोगाव हिंडण्यावाचून इलाज नव्हता. त्यासाठी दोन लहान होड्या होत्या. एकीत झोपायचे, दुसरीत स्वयंपाक. टेबल, खुर्ची, बिछाना आणि दिवा एवढे सामान बरोबर असे. नदीकाठी उतरून ते पायी खेड्यांत जात आणि प्रवचन करीत. गावकरी ऐकून घेत, वादही घालीत; पण मदनाबाटीच्या साऱ्या वर्षांत एकाही भारतीयाने त्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला नाही. मुलांसाठी शाळा काढली, तर गरीब आईबाप पोरांना पुन्हा कामावर नेत. त्या मुलांच्या मजुरीवर घरची चूल अवलंबून होती, हे लक्षात घेतले तर त्यांना दोष देता येत नाही.

ऑक्टोबर १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर तापाने आणि हगवणीने दगावला. कॅरे स्वतःही तेव्हा तापाने खंगले होते. परक्या धर्माच्या मृतदेहाला हात लावल्यास जात जाईल या भीतीने कोणी पुढे येईना. अखेर चार मुसलमानांनी कबर खणली. त्याबद्दल गावाने त्यांना वाळीत टाकले आणि तो बहिष्कार उठवण्यासाठी कॅरे यांना मध्ये पडावे लागले.

डोरोथी त्यानंतर सावरल्याच नाहीत. पती व्यभिचारी आहे, असा भ्रम त्यांच्या मनात घर करून बसला. त्या भर रस्त्यात त्यांच्या मागे जात आणि आरोप करीत. पतीच्या जिवावर उठण्यापर्यंतही वेळ आली. १७९६ मध्ये याच घरात आणखी एका मुलाचा जन्म झाला. अनेक चरित्रांनी डोरोथींना कॅरे यांच्या मार्गातील धोंड म्हणून रंगवले आहे. नको म्हणत असताना ज्या बाईला समुद्रापार आणले गेले, तिच्या बाजूने ही कहाणी क्वचितच सांगितली जाते.

१७९८ मध्ये एक जुने लाकडी मुद्रणयंत्र मदनाबाटीस आले. साहेबांचा आनंद पाहून गावकऱ्यांनी तो त्यांचा विलायती देव असावा, असा कयास बांधला. पुढच्याच वर्षी कलकत्त्याजवळ कॅरे यांनी एक विधवा सती जाताना पाहिली. थांबवण्याचा त्यांनी केलेला प्रयत्न व्यर्थ गेला. त्याच वर्षी पूर आणि तोट्यापायी कारखाना बंद पडला. नव्याने आलेल्या सहकाऱ्यांना कंपनीने थारा दिला नाही, म्हणून १० जानेवारी १८०० रोजी कॅरे कुटुंबासह आणि मुद्रणयंत्रासह डॅनिश अमलाखालील श्रीरामपुरास गेले.

तेथून दिवस पालटले. १८०१ मध्ये बंगाली नवा करार छापून झाला. फोर्ट विल्यम कॉलेजात त्यांची नेमणूक झाली. बंगाली आणि संस्कृतबरोबर ते मराठीही शिकवू लागले. महाराष्ट्रात पाऊल न टाकता, पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ मध्ये इंग्रजीतून मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि १८१० मध्ये कोश काढला. त्यातील मराठी शब्द मोडीत छापलेले आहेत.

व्याकरण छापले गेले, तेव्हा श्रीरामपूरच्या घरात डोरोथी बंद खोलीत दिवस कंठीत होत्या. ८ डिसेंबर १८०७ रोजी त्यांचे निधन झाले. कॅरे ९ जून १८३४ रोजी श्रीरामपुरातच वारले. ४१ वर्षांत ते एकदाही इंग्लंडला परतले नव्हते.