पाया पडू न देणारे बाबा

॥ जय सद्गुरू ॥


आपण लोकांना आवडावं म्हणून माणूस काय काय करतो! समोरच्याच्या कलाने बोलतो, त्याची तारीफ करतो, मध्येच आपलं मोठेपणही हळूच सरकवतो. गाडगेबाबांनी यातलं काहीच केलं नाही, तरी त्यांच्या कीर्तनाला माणसं लोटत.

जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव. नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर, घराणे परीट. वडील दारूपायी लवकर गेले. मामांकडे दापुऱ्याला गुरं राखत वाढले, शाळा नाहीच. १९०५ साली घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात गाडगं, त्यावरूनच नाव पडलं.

गावात शिरले की आधी खराटा. दिवसा गल्ली झाडणारा म्हाताराच रात्री कीर्तनाला उभा राहिलेला पाहून लोक चकित होत. आपल्या गावाचा उकिरडा ज्याने उपसला, त्याच्यावर रागावणार कोण?

कीर्तन अस्सल वऱ्हाडीत. बडोदा-बेळगावच्या आपल्या मंडळींच्या कानाला ती बोली जरा खडबडीत वाटेल, पण शेतकऱ्याला ती घरची. बाबा उपदेश थोडा करत, विचारत जास्त. कर्ज काढून लग्न करावं का, नवसाला बोकड कापावं का, पोराला शाळेत घालावं की नाही, शिवाशिव कुणी सांगितली. विचारून थांबत. उत्तर समोरच्या गर्दीतूनच यायचं, हशा पिकायचा, आणि आपलीच खोड आपणच कबूल करून बसलो हे लोकांच्या मागाहून ध्यानात यायचं. शब्द बोचरे होते खरे, पण बाबा स्वतःला सगळ्यांहून अडाणी म्हणवून घेत.

पाया पडायला कुणी वाकलं की काठी उगारत. आपण कुणाचे गुरू नाही, आपला कुणी शिष्य नाही, असं ते साफ सांगत. आपल्यासारख्या गुरुभक्तांना हे टोचतं. टोचू द्यावं.

लोकांनी विश्वासाने दिलेल्या पैशांतून नाशिक, देहू, आळंदी, पंढरपूर इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. स्वतः मात्र गाडग्यातच भाकरी खाल्ली.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर प्रवासातच बाबांनी देह ठेवला. समाधी अमरावतीला गाडगेनगरात आहे.

॥ श्रीगुरुचरणी अर्पण ॥