कै. लक्ष्मीबाई टिळक

भगिनींनो, मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा माझ्या मनात एकच नाव आले. जेऊरहून कुर्डुवाडीला गाडी बदलून आपण पंढरीला जातो. त्याच पंढरपुरात लक्ष्मीबाईंनी आयुष्यातले फार कठीण दिवस काढले, हे पुष्कळजणींना ठाऊक नसेल.

त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला, गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांचे सोवळे असे कडक, की बाजारातले मीठसुद्धा धुऊन घ्यायचे! अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. टिळक मोठे कवी, पण एका जागी टिकणारे नव्हेत. हातात पैसा आला की तो दुसऱ्याच्या पदरात टाकून मोकळे! लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली ती सासरी आल्यावर, पतीकडूनच.

१८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्या वेळी जवळ नव्हत्या. कडेवर लहानगा दत्तू, कपाळी कुंकू, पण संसार मोडलेला. नवरा असून नसल्यासारख्या त्या बहीण-मेहुण्यांच्या आधाराने पंढरपुरास राहिल्या. लोकांच्या बोलण्याला तोंड देणे काय असते, हे आपण बायका जाणतोच. याच दुःखात त्यांना कविता सुचू लागल्या. टिळक कितीही थोर असोत, या ठिकाणी मला त्यांचा राग येतो.

पुढे त्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पतीजवळ गेल्या. पण धर्म सोडून नव्हे. स्वतःचे सोवळे-ओवळे सांभाळून त्या राहू लागल्या. टिळकांनीही बळजबरी केली नाही, हे मात्र त्यांच्या पदरात घातले पाहिजे. जातिभेद माणसानेच केला, असे लक्ष्मीबाईंच्या मनाने घेतले आणि मग कोणाच्याही हातचे अन्नपाणी त्यांना चालू लागले. पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्याच्या मागे फरफटत जाऊन नव्हे, स्वतःच्या विचाराने.

त्यानंतर रेव्हरंड टिळकांच्या घरात पाहुणे, कवी, दुष्काळातली पोरकी मुले यांची वर्दळ असे. त्या सगळ्यांच्या पोटाची काळजी लक्ष्मीबाईंच्या माथी. नगरच्या प्लेगात त्यांनी रोग्यांची शुश्रूषाही केली.

१९१९ साली टिळक वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते साठाहून अधिक अध्याय लिहून पुरे केले लक्ष्मीबाईंनी! मुलाच्या, देवदत्तांच्या, आग्रहाने त्या आठवणी लिहू लागल्या, आणि ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला. स्वतःच्या फजितीवर इतक्या मोकळेपणाने हसणारी बाई मला दुसऱ्या पुस्तकात भेटली नाही. शेवटचा भाग छापलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.