जनतेच्या उद्यानाचा माळी : सर जोसेफ पॅक्स्टन

बदलीच्या निमित्ताने देशभर फिरणाऱ्या आमच्यासारख्या सरकारी नोकरांचे अर्धे आयुष्य नव्या वसाहतींतच जाते. वसाहतीच्या नकाशावर मध्यभागी एक हिरवा तुकडा हमखास असतो. घरे उभी राहतात, रस्ते होतात, बाजार भरू लागतो. तो तुकडा मात्र उजाड माळच राहतो. चौकशी केली तर उत्तर ठरलेले : यंदा तरतूद नाही. अशा वेळी मला जोसेफ पॅक्स्टन या इंग्रज माळ्याचे चरित्र आठवते.

पॅक्स्टनचा जन्म ३ ऑगस्ट १८०३ रोजी बेडफर्डशर परगण्यातील एका सामान्य शेतकरी कुटुंबात झाला. शिक्षण बेताचेच. पोरवयातच तो बागकामाला लागला आणि १८२३ साली लंडनजवळच्या चिझिक येथील उद्यानविद्या संस्थेच्या बागेत दाखल झाला. शेजारीच ड्यूक ऑफ डेव्हनशर याचा वाडा होता. ड्यूकने या होतकरू तरुणाला हेरले आणि १८२६ साली चॅट्स्वर्थ येथील आपल्या विस्तीर्ण बागेचा प्रमुख नेमले. त्या वेळी त्याला तेवीस वर्षेही पुरी झाली नव्हती. तो पहाटे साडेचारला तेथे पोहोचला, फाटक बंद पाहून भिंत ओलांडून आत शिरला, बाग पाहिली, माणसांना कामाला लावले आणि न्याहारीच्या वेळी वाड्याच्या कारभारणीची भाची सारा हिच्या प्रेमात पडला. पुढे तीच त्याची पत्नी झाली. ही हकीकत त्याने स्वतःच सांगितलेली आहे.

चॅट्स्वर्थचा हिंदुस्थानशीही संबंध आला. १८३५ साली तेथून जॉन गिब्सन नावाचा माळी कलकत्त्यास निघाला आणि खासी टेकड्यांतील दुर्मिळ ऑर्किड घेऊन परतला. आपल्या जळगावची बसराई केळी ज्या कॅव्हेंडिश गटात मोडते, त्या गटाला ड्यूकच्या घराण्याचे नाव मिळाले तेही पॅक्स्टनने तेथील काचघरात वाढवलेल्या केळीवरूनच.

परंतु हे सारे वैभव एका उमरावाच्या कुंपणाआडचे होते. पॅक्स्टनची खरी कसोटी लागली ती बर्कनहेड येथे. लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीच्या पैलतीरावरचे हे लहानसे खेडे आगबोटींची ये-जा आणि जहाजबांधणी यांमुळे झपाट्याने शहर होऊ लागले होते. शहर पुरते वाढण्यापूर्वीच उद्यानाची जागा राखली पाहिजे, हे तेथील नगरसुधार मंडळाने ओळखले. १८४३ साली पार्लमेंटने कायदा करून या कामासाठी सार्वजनिक पैशाने जमीन घेण्याची मुभा दिली. ब्रिटनमधील असे हे पहिलेच उदाहरण मानले जाते.

मंडळाने २२६ एकर जमीन घेतली. त्यांपैकी १२५ एकर सर्वांसाठी खुल्या उद्यानाला राखून उरलेल्या कडेच्या जमिनीचे भूखंड बंगल्यांसाठी विकावयाचे, अशी योजना होती. उद्यानासमोरच्या जमिनीला भाव येणारच. त्या वाढीव भावातून उद्यानाचा खर्च भागवावा, हे त्यातले मर्म. आधी बाग आणि मग बंगले, हा क्रम येथे महत्त्वाचा होता.

आराखड्यासाठी पॅक्स्टनला ८०० पौंड मिळाले. जागा सखल आणि पाणथळ होती. त्याने पाण्याचा निचरा केला, तळी खोदली आणि त्याच मातीच्या टेकड्या रचल्या. गाड्यांच्या वाटा आणि पायवाटा वेगळ्या ठेवल्या. प्रत्यक्ष देखरेख त्याचा शिष्य एडवर्ड केंप याने केली. ५ एप्रिल १८४७ रोजी उद्यान खुले झाले. त्याच सुमारास मंदी आली, भूखंडांची विक्री रेंगाळली आणि योजिलेले सगळे बंगले काही झाले नाहीत. हिशेब कागदावर होता तितका सरळ उतरला नाही. पण उद्यान तोवर तयार झाले होते. ते कोणाला परत घेता आले नाही.

१८५० साली अमेरिकेचा फ्रेडरिक ओल्मस्टेड येथे आला. लोकशाहीचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या देशात गोरगरिबांसाठी असे काही नाही, याची त्याला खंत वाटली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची रचना करताना हा अनुभव त्याच्यापाशी होता.

पॅक्स्टनला जगभर कीर्ती दिली ती मात्र १८५१ च्या लंडन प्रदर्शनातील स्फटिक प्रासादाने. काच आणि लोखंड यांच्या त्या वास्तूचे पहिले रेखाटन त्याने टीपकागदावर केले होते. त्याच वर्षी त्याला सर हा किताब मिळाला. १८५४ पासून मृत्यूपर्यंत तो पार्लमेंटचा सभासद होता. ८ जून १८६५ रोजी त्याचे निधन झाले. स्फटिक प्रासाद १९३६ साली जळून खाक झाला. बर्कनहेडच्या उद्यानात आजही मुले खेळतात.

पन्नास वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या संस्थापकांनी सभासद मोजके असतानाच वर्गणी गोळा करण्यास आरंभ केला. उद्या येणाऱ्यांसाठी आज जागा राखण्याची वृत्ती तीच. नव्या वसाहतीचा आराखडा ज्यांच्या टेबलावर येईल, त्या आपल्या बांधवांनी हिरव्या तुकड्याची तरतूद पहिल्या पानावर करावी, शेवटच्या नव्हे, एवढीच या निमित्ताने विनंती.